पालथा पेला

२१ मे १९६७, रवि.
काल संध्याकाळी तारापूरला हरेश्वर कोळ्याच्या पुतणीची हळद. सौ. बरोबर होती. बायका-पुरुष एकाच मांडवात, पेले सगळ्यांसमोर, लपवाछपवी नाही. ह. ने आधी पेल्यात बोट बुडवलं, थेंब जमिनीवर टाकला. "घे बाबा, तुजा वाटा." त्याचा बाप पिऊनच गेला. मग स्वतः एक प्यायला, दुसरा अर्धा, पेला पालथा घातला आणि नाचायला उठला. कोणी आग्रह केला की नुसता हसतो.
मी सरबत. बेचाळीस वर्षांत थेंब नाही. लोक म्हणतात, शेट म्हणजे देवमाणूस. देवमाणूस कसला! भितो. माझा बापही पिऊनच गेला. मला एका पेल्यावर थांबता येणार नाही हे न पिताच ठाऊक आहे. आणि हा गडी पेला पालथा घालून नाचतो.
जळलो. दुसरा शब्द नाही.

२५ मे
धाकटा भाऊ दत्तू आजही पिऊन आला. चप्पल काढली त्यावरूनच कळलं, तीन पेले. डावी आपटली की तीन. ही विद्या दहाव्या वर्षापासूनची. बापाचं पाऊल वाजलं की मी आईला बोटं दाखवायचो, दोन की चार. चार असले की ती तान्ह्या दत्तूला घेऊन परसात.
तोच हा दत्तू. आई गेल्यावर मी वाढवला, खडी फोडून. पुढे ट्रक घेतले तेव्हा एक त्याच्या हातात दिला. त्याची बायको कऱ्हाडला माहेरी जाऊन बसली आहे. तिच्या भावाचं पत्र: दिवाळीपर्यंत दारू सुटली तर नांदायला येईल, नाहीतर कायमची तिकडेच.

२ जून
सरावलीच्या वळणावर दत्तूने ट्रक चरात घातला. भर दुपारी. एक सायकलवाला थोडक्यात वाचला. किल्ली काढून घेतली.
"दादा, आजपासून बंद. तुझी शपथ."
आवाज ऐकला. खरं बोलत होता. तेच वाईट. बापही खरंच बोलायचा.

९ जून
अणुप्रकल्पावर खडी उतरवली. हेडक्लार्कचं प्रवचन: "दारू रक्तात असते हो. कोळ्याचं रक्त पचवतं, घाट्याचं बिघडतं, गोऱ्याचं तर काय, थंड मुलुख!" ऐकून घेतलं, बिल त्याच्याच टेबलावर असतं.
बाहेर गोरा फोरमन, हातात सोड्याची बाटली. दुभाष्याने चिडवलं, साहेब दुसरं काही घेत नाहीत. साहेब म्हणाला, माय फादर. तेवढ्यात मागे बूट वाजले तसा सर्रकन वळला, कोण आलं आणि कसं आलं ते बघायला. मीही वळलो होतो. एकाच वेळी. दोघेही ओशाळलो.
रक्ताचं म्हणाल तर दत्तू आणि मी एकाच बापाचे. त्याचं काय?

१८ जून
पावसाळ्यासाठी होड्या वर काढल्यात, म्हणून ह. ला सवड. सुके बोंबील घेऊन आला. दत्तू त्याच्याशी तासभर हसत होता. माझ्याशी महिन्याभरात इतका बोललेला नाही.
"घाटी शेट, नारली पुनवेला होडी लोटू तवा ह्याला माज्यासंगं धाड. होडीवर थेंब चालत नाय. आमचा नेम हाय."
मी म्हटलं, हा कृष्णेकाठचा, पहिल्या लाटेला ओकेल.
"सगलेच वकतात पयले. दर्या काय जात इचारतो?"
दत्तू लगेच, "जाईन मी." दोन वर्षं मी पाया पडलो, रडलो, एकदा हातही उचलला. याच्या एका वाक्यावर जाईन!
दत्तू आत गेल्यावर विचारलंच. हरेश्वरा, तू थांबतोस कसा?
"काय म्हाईत. पुरे झाला का पुरे." मग बोंबील नीट लावत बसला. "आमचा बाबा प्यायला का गायचा. आय शिव्या देत जेवाला वाडायची. तुमचा?"
सांगायची गोष्ट नाही.
"पन माजा थोरला भाव तसाच गेला शेट. त्याच बाबाचा. त्याला नाय जमला थांबाया."
दहा वर्षांची ओळख. हे मला माहीत नव्हतं. एवढे तिखट कान, आणि त्याच्या हसण्याखालचं काही ऐकू आलं नाही. तरी जळणं कमी झालं नाही. उलट...

२३ जुलै
दत्तू रोज सायकलने तारापूरला, ह. कडे जाळी विणायला. महिन्यात दोनदा घसरला. आता बारा दिवस कोरा. चप्पल अलगद ठेवतो.
सौ.: "अहो, तोंड का पाडलंय? आनंद माना की."
मानतो. पण माझ्या घरात, माझ्या शब्दावर का नाही?

२० ऑगस्ट, रवि. नारळी पौर्णिमा
होडी लोटली. नारळ सोडला. ह. ने पेला आणला, थेंब टाकला. "घे बाबा." दुसरा टाकला, थोरल्या भावाचा. "घे दादूस." पेला दत्तूपुढे. माझे कान, डोळे, सगळं त्या पेल्यावर. दत्तूने बोट बुडवलं. "घ्या आबा." वाळूवर थेंब.
मग माझ्यापुढे. "शेट, तुमी पन."
हात पाठीमागे बांधून उभा. ज्या बापाला श्राद्धाचं पाणीही मी मनापासून दिलं नाही, त्याला हे? दत्तू बघत होता. बुडवलं बोट. टाकला. नाव नाही घेतलं.
ह. ने उरलेलं दर्यात ओतलं, पेला पालथा घालून फळीवर ठेवला. गेले. सहा दिवसांनी येतील. होडीवर थेंब नाही, पण किनाऱ्यावर आहे, आणि उतरून घरी येईपर्यंत वाटेत तीन गुत्ते.
परतताना सौ. म्हणाली, हात धुवा. धुतो म्हटलं.
चारचा चहा निवला. त्याच हाताने लिहितोय. बोटाला वास आहे अजून. आंबूस-गोड. बापाच्या सदऱ्याचा. वाईट वाटायला हवा होता, आणि
सौ. पुन्हा हाक मारतेय. पाणी काढून ठेवलंय म्हणे.