हातातलं, नदीतलं आणि वरच्या मजल्यावरचं

९ जुलै
पोलादपूरच्या वाचनालयाचा फोन. रविवारी व्याख्यान द्याल का? विषय: स्टोइक तत्त्वज्ञान आणि रोजचं जगणं. ठरलेले प्राध्यापक येत नाहीत. म्हटलं, "मी साप्ताहिकात लोकांच्या टोप्या उडवतो. मनःशांतीचं मला काय कळतं?" चिटणीस म्हणाले, "म्हणूनच. लोक झोपणार तरी नाहीत." एवढ्या स्तुतीवर विरघळलो. पुस्तकं काढली.

१० जुलै
वाचतोय. जुनी ग्रीक-रोमन मंडळी. त्यांत एक गुलाम, एक बादशहा, आणि दोघांचं म्हणणं एकच. आपल्याकडे एका पक्षातल्या दोन नगरसेवकांचं होत नाही. सार असं: जगाचे दोन ढीग करा. एक आपल्या हातातला, म्हणजे आपलं मत, आपलं वागणं. दुसरा हातात नसलेला: पाऊस, आजार, लोकांची तोंडं. पहिल्यात जीव ओतायचा, दुसऱ्याचं होईल ते होईल.
सौ.ला सांगितलं. ती ब्लाउजला हुक लावत होती.
"आपली सावित्री नदी कुठल्या ढिगात?"
"दुसऱ्या."
"आणि माझं मशीन?"
तिचं आधीचं पिको-फॉलचं मशीन पुरात गेलं. माळ्यावर ठेवलं होतं, माळ्यालाही पाणी लागलं. ते वर्ष ती कशी वावरली ते मी पाहिलंय. आता पूर आला तर नवं मशीन वरच्या मजल्यावर, मोऱ्यांकडेच न्यावं लागेल. आणि मोऱ्यांशी मी होळीपासून बोलत नाही.

११ जुलै
मोरे प्रकरण. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मूळ पोलादपूरकडच्या वाडीतले. त्यांच्या कुंड्यांचं पाणी आमच्या ओट्यावर, नेमकं पेपरवर. मी चारचौघांत म्हणालो, "मोरे, रोज अभिषेक करताय, पण आम्ही अजून देव झालो नाही." सगळे हसले, मोरे सोडून. तेव्हापासून जिन्यात दोघंही भिंत बघत जातो.
वाक्य चांगलं होतं. अजूनही वाटतं.
अडचण अशी की इथे महाडच्या बाजारपेठेत तळमजल्यावरच्या प्रत्येकाचं एक वरचं घर ठरलेलं असतं. पुराचा भोंगा झाला की सामान तिकडे. विचारायची पद्धत नाही. बोलणंच बंद असेल तर काय करायचं, याचीही पद्धत नाही.

१३ जुलै
व्याख्यान झालं. खुर्च्या जास्त, माणसं बरी. सांगितलं, सकाळी उठून आज काय काय बिघडेल याची उजळणी करावी, म्हणजे बिघडलं की ओळखीचं वाटतं. अपमान शब्दात नसतो, आपण तो सही करून घेतो म्हणून लागतो. टाळ्या. फार बरं वाटलं. टाळ्या दुसऱ्या ढिगात येतात, तरीही.
परतताना सौ.: "लागून घेणं ही ऐकणाऱ्याची चूक. मग बोलणाऱ्याला सुट्टी?"
महाड येईपर्यंत खिडकीबाहेर बघितलं. त्या मंडळींत न्याय हाही मोठा सद्गुण आहे. तो भाग वगळला होता. वेळ कमी होता, असं म्हणू.

१६ जुलै
तीन दिवस धो-धो. दुपारी भोंगा. सौ. मशीनला कव्हर घालून शेजारी उभी.
जिना चढलो. जाता जाता एक टोकदार वाक्य सुचलं, ते गिळलं. मोऱ्यांनी दार उघडलं.
"मोरे, मशीन वर ठेवायचंय. आणि ते अभिषेकाचं... बोलायला नको होतं."
"तुमचं तोंड हाय, नदी नाय. आवरतं की." मग आत वळून, "आगो, मशीनीला जागा कर."
मोरेवहिनी आतून: "कवाच केली. सकालपासून ह्यांना सांगते, जा खाली, इचारा. तर म्हणतात, त्यालाच आधी चढू दे."
मोरे भिंतीकडे बघू लागले. सवयीने मीही.
मशीन गेलं, शेगडी, डबे. माझी आरामखुर्ची मोऱ्यांनी न विचारता उचलली.

१८ जुलै
पाणी चौकापर्यंत येऊन गेलं. आमची पायरीही भिजली नाही. घर कोरडं ठाक, आत काही नाही. शेगडी-डबे उतरवले. मशीनला हात लावला तर सौ. म्हणाली, "राहू दे. अख्खा श्रावण जायचाय."
आरामखुर्चीही वरच राहिली; तिच्यात बसायला मी वर जातो. चहा होतो. मोऱ्यांना दोन ढीग समजावले. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं हाय. भाषणाला पैसे देतात काय?"

२२ जुलै
ऊन. म्हटलं, आता आणू खाली. सौ. म्हणते, वर उजेड चांगला आहे, मोरेवहिनींच्या ओळखीच्या बायका साड्या घेऊन येतात. "दिवाळीनंतर बघू."
थोडक्यात, मशीन वाचलं, पण घरी नाही. दुपारभर माझ्या डोक्यावर चालतं. मध्येच थांबतं, आणि दोघी हसतात. कशावर, ते खाली ऐकू येत नाही. माझ्यावरच असावं. वर जाऊन विचारावं की नाही, ठरत नाहीये.