गोजरबाईचा काळा गोल

३ फेब्रुवारी १९५४

पोचले एकदाची! जालन्याला आगगाडीतून उतरले, घनसावंगीपर्यंत मोटार आणि पुढे बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली, पण रंगाची एकही बाटली फुटली नाही, म्हणजे प्रवास सुखाचाच म्हणायचा. बायकांचा समाजशिक्षण वर्ग चालवायचा आहे. शाळेला लागूनच कारभारी नावाच्या शेतकऱ्याचं घर, त्यातली एक खोली मला दिली आहे. भिंती नुकत्याच पांढऱ्या मातीने पोतारलेल्या. एवढ्या कोऱ्या भिंती पाहून मला हुरूपच आला.

ट्रंकेच्या तळाशी वामनसाठी राखून ठेवलेला जाड कागद आहे. त्याला जाऊन दोन वर्षं झाली. फोटो सासूबाईंनी ठेवून घेतला, त्यामुळे चेहरा आहे तो माझ्या डोक्यातच. रुंद कपाळ, उजव्या भुवईत जुन्या खोकेची खूण, हसताना ओठ एका बाजूने जरा वर जायचा. इथे शांतपणे तो कागदावर उतरवायचा आणि मोकळं व्हायचं, म्हणून तर एवढ्या लांब आले. नवऱ्याचं नाव असं बिनदिक्कत लिहिते आहे, इथल्या बायका काय म्हणतील!

६ फेब्रुवारी

अकरा जणी आल्या. तांब्या आणि जास्वंद काढायची नाही, असं सुरुवातीलाच बजावलं. नवी चित्रकला वेगळी असते, मनात जे सलतं ते काढा, कशासारखं दिसलं नाही तरी चालेल, असं सांगितलं. सगळ्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मग गोजरबाईने काजळी घेतली आणि एक गोल काढला. भरत राहिली, भरत राहिली, शेवटी कागद विरायला लागला. तो शाळेमागचा आड होता. चार वर्षांपूर्वी तिची सात वर्षांची तारा घागर घेऊन गेली ती दोरासकट आत पडली. गावाने मग रहाट काढून टाकला, तोंडावर काटे रचले. पण गोजरबाईच्या कानात रोज दुपारी रहाट करकरतो, झोप म्हणून नाही. आज ती पोटभर रडली. मीही रडले. कागद माझ्या पायाशी ठेवून निघाली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. लाजली असेल.

९ फेब्रुवारी

गोजरबाई तीन रात्री गाढ झोपली! चेहरा कसा उघडला आहे. दुर्गाबाईने आपलं जळालेलं घर काढलं, नुसता लाल रंग. तिच्या नाकातला धुराचा वास गेला म्हणते. मला आभाळ ठेंगणं झालं आहे. सगळी चित्रं खळीने खोलीच्या भिंतीला चिकटवली. औरंगाबादला प्रदर्शन भरवायचंच.

कारभाऱ्यांच्या सगुणाबाई दारातच थबकल्या. म्हणाल्या, "बाई, ह्यो उतारा हाय. बिलकुल घरात ठिवू नका. जल्दी गंगंला सोडून या." इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. लिंबू-भात ओवाळून तिठ्यावर ठेवायचा, मागे बघायचं नाही, आणि जो तो उचलेल त्याला दुसऱ्याची पीडा लागते, अशी समजूत. मी हसले. एवढं जिवंत काम नदीत कोण बुडवील?

१३ फेब्रुवारी

दुपारी रहाट करकरला. जाऊन पाहिलं, तर आडावर काटेच. सगुणाबाईंना विचारलं, त्या माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या चित्रांकडे बघत राहिल्या. दुधाला धुराचा वास येतो आहे.

वामनला काढायला बसले. खूण उजव्या भुवईत की डाव्या? ही वही उघडून बघावं लागलं. हसू आलं. मग भीती वाटली.

१७ फेब्रुवारी

वर्ग चालू असतानाच रहाट वाजला. कोणी मान वर केली नाही. गोजरबाई शेजारणीशी खिदळत होती. ताराच्या आडाचा रहाट ऐकू आला का, असं तिला विचारलं. तिने मलाच उलट विचारलं, कोण तारा?

थट्टा नव्हती. डोळ्यांत काहीच नव्हतं. पोटची पोर— आणि हे मी केलं. मीच.

१९ फेब्रुवारी

गंगेवर जायला कारभाऱ्यांनी गाडी जुंपली. चित्रं भिंतीवरून उतरवली— कोरी. काळा नाही, लाल नाही, नुसते खळीचे डाग. आता नदीत काय सोडायचं? बैल सोडायला सांगितले. सगुणाबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "आपलं माणूस मनात घट्ट धरा, बाई. न्हाईतर दुसऱ्याचं आत शिरलं की मंग त्याला जागाच ऱ्हात न्हाई."

२१ फेब्रुवारी

राखलेला कागद काढला. वामन, वामन, म्हणत बसले. कपाळ रुंद काढलं— लहान झालं. दोन वेण्या आल्या. समोरचा दात पडलेला. हात माझाच होता. मी हे काढत नव्हते—

२३ फेब्रुवारी

ताराला गूळ-शेंगदाणे आवडतात. उजव्या पायातला वाळा सैल आहे. हे मला कोणी सांगितलं नाही. गोजरबाईला माहीत नाही. गावात कोणालाच— मी विसरले तर तिला कोण आहे?

२४ फेब्रुवारी

पहिल्या पानावर वामन असं लिहिलं आहे. अक्षर माझंच. हा कोण म्हणून सगुणाबाईंना विचारलं, तर त्या रडायलाच लागल्या. असू दे.

सकाळीच आडावरचे काटे ओढून काढले. पानाला रक्त लागतंय—

दुपार झाली. तारा घागर घेऊन गेल्ती. अजून आली न्हाई. रहाट वाजतोय. हाक मारतेय, आई म्हणतेय— मला— आले गं माय, आले, दोर सोडू नको, एवढं लिहून—