वरणभातावरचं तूप

आई,

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसते आहे. मध्येच उठून चहा टाकला, तो ओट्यावर तसाच गार झाला. आत्याचा रिपोर्ट आला आज. जन्मापासून रक्तात कोलेस्टेरॉल चढं ठेवणारा जनुकातला फरक तिच्यात निघाला. तोच माझ्यात आहे. म्हणजे बाबांच्यातही होता, म्हणूनच ते ऐन चाळिशीत हार्ट अटॅकनं गेले.

खासगी बाजारातल्या आपल्या घराचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. बाबांचा तेरावा झाला आहे, घरचीच माणसं जेवायला बसली आहेत. तू माझ्या पानात तूप वाढायला वाकतेस आणि आत्या म्हणते, "वहिनी, आता तरी रहने दो. तुम्हीच तर तूप खिलवून खिलवून..." वाक्य तिनं अर्धं सोडलं. पुरं मी केलं. सोळा वर्षांची होते; "हिनंच मारलं बाबांना," म्हणाले. तू तुपाचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळलीस. त्यानंतर तुझ्या भातावर अन्नशुद्धीच्या तुपाचा थेंबही पडला नाही. आम्हाला वाढायचीस आणि स्वतः कोरडा भात गिळायचीस. एकदा विचारलं तर म्हणालीस, "आता आदत हो गई गं, नकोच वाटतं."

हसशील, पण सिटी सेंटरच्या ऑफिसात मी हेच, आजारांची खरी कारणं शोधायचं काम करते. आईबाबांकडून कोणता जनुक वाट्याला यावा हे जन्माआधीच, निव्वळ नशिबानं ठरतं. पुढे कोण काय खातं, कोण सिगारेट ओढतं, यानं तो बदलत नाही. म्हणून असा फरक असलेली आणि नसलेली हजारो माणसं शेजारी ठेवून पाहिली, की हृदयविकाराचं खरं कारण बाकीच्या सवयींतून वेगळं काढता येतं. कोलेस्टेरॉल असंच पकडलं गेलं. तुपाला मी अगदीच मोकळं सोडत नाही, पण बाबांचं मूळ दुखणं तुझ्या भांड्यातलं नव्हतंच, ते आत्याच्या माहेरचं होतं.

दुपारी आत्या फोनवर रडली. "वहिनींना काय काय बोलले मी," म्हणाली. तेव्हा कुणाला माहीत होतं, असं म्हणून मी तिची समजूत घातली आणि फोन ठेवल्यापासून घरभर फिरते आहे.

माझी तपासणी मी तू असतानाच करून घेतली होती. तुझं रक्त अगदी नॉर्मल होतं, तेव्हा माझ्यातला फरक बाबांचाच, हे तू जायच्या दोन वर्षं आधी मला कळलं होतं. दर रविवारी मी थाटीपुरच्या माझ्या घरून यायचे, तुझ्यासमोर बसून तूप घालून जेवायचे आणि काही न सांगता तशीच परत जायचे. सांगितलं असतं तर माफी मागावी लागली असती.