बेगमच्या पायाची तीन बोटं

८ डिसेंबर, रवि.
सकाळी मामाच्या शेतात, मानवत रोडला. त्याच्या शहामृगाला, बेगमला, पळवलं. म्हणजे मामानं परात वाजवली, बेगम कुंपणाच्या आतून सुटली आणि मी मोबाईल धरून बाहेरच्या बांधावरून तिच्या बरोबरीनं. दोनदा पडले. कोपर सोललं. शॉट मात्र झकास.

पुण्याच्या आमच्या व्हिडिओ गेमच्या स्टुडिओत बाकी सगळे नेटवरून चित्रं गोळा करतात. मी सेलूत माडीवरच्या खोलीत बसून काम करते म्हणून त्यांना माझी जरा कीव येते. येऊ दे. वाळवंटात निरोप पोचवणारी आमची नवी नायिका, सुसाटी, अर्धी बाई अर्धा पक्षी, शहामृगावरून बेतायची आहे. आणि घरचं शहामृग आहे कुणाकडे?

मामा म्हणाला, "मोबाईल बघून लय नखरे करायलीय बघ ती."

११ डिसें.
सुसाटीची धाव कॉम्प्युटरवर जमली. डोकं एका रेषेत, कंबर डावी-उजवी, अंगावरची पिसं कडब्याच्या पेंढीसारखी हलतात. बेगमच्या पाठीवर मधोमध भांग पडतो, तोही दिला. रविवारी तिनं माझ्या केसातली चकचकीत पिन उपसून गिळायचा प्रयत्न केला होता. सुसाटीलाही तीच खोड: शत्रूच्या अंगावर काही चमकलं की चोच मारायची.

नेटवर एवढंच पाहिलं की शहामृगाची मादी तपकिरी असते, नरासारखी काळीपांढरी नाही. बेगम तपकिरीच आहे. विषय संपला. मी शाळेत होते तेव्हा ती आली, पिल्लू होती, अंगावर पट्टे. तिच्याबद्दल मला कोण काय सांगणार!

१४ डिसें.
थंडी पडली की बेगम घुमते. चोच न उघडता, गळ्याच्या तळातून, ढम... ढम. आज रेकॉर्ड केलं. घरी लावून ऐकत होते तर आई खालून ओरडली, "कुणाच्यात ढोल वाजायलाय गं भरदुपारी?" म्हटलं, तुझ्या भावाकडे.

हाच सुसाटीचा आवाज. दिसायच्या आधी ऐकू येणार.

मंगळवारी रिव्ह्यू. पोटात गोळा वगैरे काही नाही. असायला हवा होता का?

१७ डिसें., मंगळ.
हवा होता.

धाव दाखवली. आमच्या लीड केतकी मॅडम (इथून पुढे के. मॅ.) म्हणाल्या, परत लाव. परत लावली. म्हणाल्या, आणखी एकदा. मी मनातल्या मनात पेढे वाटत होते. तेवढ्यात निखिल, माझ्याच हुद्द्याचा, स्वभावानं सरळ, म्हणाला, "पायाला तीन बोटं का? शहामृगाला दोनच असतात."

मी काय बोलावं? म्हटलं, "तुम्ही नेटवर बघता, मी समोर बघते." आणि तोऱ्यात बेगमचा फोटो पाठवला.

कॉलवर सगळ्यांनी तो उघडून पाहिला. मग निखिलच, अगदी हळू: "रेवा, हा एमू आहे."

हसलं कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नंतर सगळं शोधून पाहिलं. एमू म्हणजे ऑस्ट्रेलियातला पक्षी, शहामृगाचा लांबचा नातलग. शहामृगाला बोटं दोन. पाठीवर भांग नाही. घुमतो तो नर, मादी नव्हे. ज्याची ज्याची मी मिजास केली ते सगळं एमूचं निघालं. पण मामाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत 'शहामृग पालन केंद्र' आहे! एसटीचा कंडक्टरसुद्धा "शहामृगवाले, उतरा" म्हणतो! अख्ख्या पंचक्रोशीत दुसरा शब्द कधी कानावर आला नाही.

के. मॅ.: महिनाअखेरपर्यंत शहामृग करून दे, नाहीतर सुसाटी निखिलकडे जाईल.

माझी सुसाटी. दुसऱ्याच्या हातात. नाही जमणार.

१९ डिसें.
दोन बोटं दिली. उंच टाचा घातल्यासारखी पळायला लागली. भांग काढला. आवाज काढला. उरलं ते नीटनेटकं शहामृग, कुणीही करावं असं.

रडले थोडी. मग आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी. मग बरं वाटलं.

२१ डिसें., शनि.
मामाला गाठलं. तो बेगमला घास टाकत होता.

"मामा, हे शहामृग नाही. एमू आहे."

"ठाव हाय की."

म्हटलं, मग पाटी?

"त्या टायमाला धा जणांनी धंद्यासाठी इमू आणले. मी बी आणले. लोक इचारायचे, इमू म्हंजे काय? सांगून सांगून बेजार झालो. शहामृग म्हणलं की गप बघायचे, खूश व्हायचे. मंग तसंच लिवलं. बाकीच्यांनी इकून टाकले, हिला माझ्यानं इकवलं न्हाई."

"मला तरी सांगायचं!"

"तू कवा इचारलंस? तू तर आल्या आल्या तिच्या गळ्यातच पडायचीस."

भयंकर राग आला. पण म्हातारा म्हणतोय ते खरंच होतं. बेगम मधे उभी राहून माझ्या घड्याळाकडे टक लावून बघत होती. तिला कुणी काहीही म्हटलं तरी तिच्या पळण्यात कधी फरक पडलेला नाही.

२३ डिसें.
ठरलं. पक्षी बदलायचा नाही, गोष्ट बदलायची. सुसाटीच्या मुलखात सगळे तिला शहामृग म्हणतात. ती नाही. तिला ते माहीत आहे. तिला कुणी विचारलेलंच नाही, आणि पळायच्या गडबडीत तिनंही सांगितलेलं नाही. शत्रू दोन बोटांचा माग काढत राहतात, म्हणून ती कधी सापडत नाही.

लिहून झाल्यावर खुर्चीतून उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हे चांगलं आहे. माझंच आहे म्हणून म्हणत नाही.

२६ डिसें.
दोन्ही सुसाट्या के. मॅ.ना पाठवल्या, निखिललाही. पहिली: सांगितल्याप्रमाणे शहामृग, कामात कसर नाही. दुसरी: बेगम, तीन बोटं, भांग, ढम ढम आणि नवी गोष्ट. खाली लिहिलं: पहिली घेणार असाल तर पुढचं काम निखिलला द्या, तो नीट करील. दुसरी घेणार असाल तर ती माझ्याशिवाय कुणी करू नये.

आई म्हणाली, "असं लिवतात का साहेबाला?" म्हटलं, मी लिहिते.

२८ डिसें.
के. मॅ.चा मेसेज. "पाहिल्या. सोमवारी बोलते." बस्स, एवढंच. ना चांगलं, ना वाईट.

निखिलचाही आला: दुसरी. नुसतं तेवढंच. भला माणूस आहे, उगाच त्याला मनात शिव्या घातल्या.

३० डिसें., सोम. येळवस, शेताच्या पूजेची अमावस्या.
सगळं घर मामाच्या शेतात. पूजा झाली, कडब्याच्या कोपीसमोर पंगत, सगळ्या भाज्यांची भज्जी, आंबील. जेवायला आलेले निम्मे लोक बेगमपाशीच उभे. येताना पाहिलं तर फाटकावरचा 'शहामृग' खरवडलेला. त्या जागी काहीच नाही, नुसतं 'पालन केंद्र'. कुणीतरी विचारलं, "मामा, कशाचं पालन?" मामा म्हणाला, "बेगमचं."

माझा हात भज्जीत आणि फोन वाजला. के. मॅ., व्हिडिओ कॉल. लुगड्याच्या पदराला हात पुसला, आईच्याच. सकाळपासून काय काय बोलायचं ते घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"रेवा, हे बघ, मी दोन्हींवर विचार केला..."

"मॅडम, एक मिनिट. आधी हिला बघा," म्हटलं आणि फोन उलटा करून कुंपणापाशी धरला.

बेगम चमकत्या काचेकडे आली. मान वाकडी करून एका डोळ्यानं पाहिलं. मग घुमली. मागून मामानं परात वाजवली. न सांगता. बेगम वळली आणि सुटली, पिसं भांगाच्या दोन्हीकडे उडत, धूळ मागे. पार बोरीच्या झाडापर्यंत गेली, वळली, परत आली.

तिकडून आवाज नाही. मला वाटलं कॉल तुटला. बघायला फोन वळवणार तेवढ्यात के. मॅ. म्हणाल्या, "फोन हलवू नकोस."

मी हलवला नाही.