डबा किती वेळ उघडा होता

आप्पा, परवा एका मुलीने मला प्रश्न विचारला. त्याचं उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून लिहायला बसले. या महिन्याअखेर मी निवृत्त होते. माझं काम जी पुढे नेणार आहे, ती जुनी रजिस्टरं चाळत होती. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथे ‘उजेड, पाच मिनिटं’ लिहिलंय. मी प्रयोग तीनदा करून बघितला, निकाल एवढा ठळक येत नाही. घड्याळ लावलं होतं का?" मी म्हटलं, नंतर सांगते. एरवी मी कामाचं उत्तर कुणाला नंतर देत नाही.

मी नुकती पीएच.डी.ला लागले होते. तुम्ही रिटायर होऊन घरात कंटाळला होतात आणि मला पिंपरीच्या खाटकाकडून बोकडांचे डोळे आणायला माणूस मिळत नव्हता. "मी आणतो की. सायकल हाय, येळ हाय," म्हणालात. बोकड रात्रभर अंधाऱ्या खोलीत बांधलेले असायचे, डोळे काढले की थेट बर्फाच्या काळ्या डब्यात. डोळ्याच्या पडद्यातला रंग उजेड लागला की फिका पडतो आणि मला तो अंधारातला हवा असायचा. आमच्या प्रयोगशाळेच्या खोलीतही मंद लाल दिवाच. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं होतं, पण घाईघाईत. भोसरीच्या कंपनीत तुम्ही तीस वर्षं गेटवर येणारा माल तपासलात. पेटी उघडून मोजल्याशिवाय चलनावर सही नाही, हे मी विसरले. त्या दिवशी तुम्ही डबा माझ्या हातात दिलात आणि वर चिठ्ठी: ‘नग बारा. ठीक.’ खाली सही.

"डबा उघडलात?"

"मग? मोजल्याबिगर सही करू व्हय?"

"उन्हात?"

"सावलीत दिसंना नीट." मग माझा चेहरा बघून म्हणालात, "त्या डोळ्यांनी जन्मभर उजेडच बघितला न्हवं? अजून घटकाभर बघितला तर काय बिघडलं?"

सोबतचे विद्यार्थी हसले. मी त्यांच्यादेखत म्हणाले, "वाटोळं केलंत कामाचं. उद्यापासून येऊ नका." संध्याकाळी स्वयंपाकघरात आई पोळ्या लाटता लाटता म्हणते, "कंपनीचा माल मोजून पोट भरलं नाही, आता बोकडांचे डोळे मोजायला निघाले!" तुम्ही ताटातून मान वर करत नाही. मीही करत नाही.

ते डोळे मी फेकले नाहीत. पुढचे मिळायला आठवडा होता, म्हणून तपासले. अंधारातल्या पडद्यात सुटं फिरणारं एक प्रथिन उजेड लागल्यावर पेशीच्या पापुद्र्याला घट्ट चिकटलेलं दिसलं. माझा प्रबंध तिथून सुरू झाला. उजेड किती वेळ, हा रकाना रिकामा होता. तुम्हाला विचारायचं तर तुमची चूक कामाला आली हे सांगावं लागलं असतं. मी ‘पाच’ लिहिलं. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत अकरा वर्षं आपण एका घरात जेवलो. पुढे घड्याळ लावून कितीदा केलं. प्रथिन चिकटायचं, पण पहिल्या वेळेइतकं कधीच नाही. का, ते मी शोधलं नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेत उभं केलं नसतं.

आज सकाळी त्या मुलीला सगळं सांगितलं. तुमचं, माझं, त्या पाचाचं. मला वाटलं, आता मान खाली घालून निघून जाईल. तर विचारते, "मॅडम, तुमचे वडील मोजायचे कसे? भरभर की सावकाश?"

"सावकाश," मी म्हटलं. "एकेक नग हातात घेऊन, फिरवून."

"मग पाच मिनिटं कशी असतील?" म्हणाली, आणि वहीत लिहिलं: पंधरा, वीस, तीस करून बघणे. मी रजिस्टरातल्या पाचावर एक आडवी रेघ मारली, शेजारी ‘माहीत नाही’ लिहिलं, तारीख घालून सही केली.

आज तिच्या हवाली केलं ते असं: रजिस्टरं सात, फ्रीझरच्या किल्ल्या दोन, लाल दिव्याचे बल्ब चार, आणि प्रबंधातल्या त्या आकड्याबद्दल विद्यापीठाला लिहिलेल्या पत्राची प्रत. मूळ पत्र अजून माझ्या पर्समध्ये आहे.