तेरा पट्ट्यांचा कूलर

प्रिय विनेश,

शेजारच्या साक्षीच्या फोनवर तू पाठवलेले दोन फोटो पाहिले. एक कूलर लहान, एक मोठा, आणि खाली तुझं वाक्य, ‘आजी, आता तरी मोठाच घेऊ ना?’ साक्षीने ते मोठ्याने वाचलं. गोदूबाई शेजारी बोंबील निवडत बसली होती, ती लगेच म्हणाली, मोठाच घे म्हणावं, उकाडा किती वाढलाय. तिला कूलर म्हणजे पाणी ओतून लावायचा पंखा वाटला. हा इंजिनाच्या तेलाचा आहे, तापलेलं तेल पट्ट्यांतून फिरवून वाऱ्याने निववायचं आणि परत इंजिनात सोडायचं, एवढं तिला सांगत बसायची माझी इच्छा नव्हती. उत्तर फोनवर दिलं असतं, पण तू स्पीकर लावून बोलतोस आणि उलव्याच्या तुझ्या खोलीतली चार पोरं ऐकतात. साक्षीकडून लिहून घेतलं असतं तर जेवणवेळेपर्यंत बंदरभर झालं असतं. म्हणून तिच्या वहीची पानं फाडून मीच बसले. तिसरी शिकले, त्याला साठ वर्षं झाली. जोडाक्षरं चुकली तर तू सरळ करून वाच. पोर्टावर एवढ्या उंचावर बसून क्रेन चालवतोस, एवढं जमेल तुला.

तर पहिलं उत्तर. मोठा घेऊ नकोस. आपल्या पडवीत तुझी आणि सदा मिस्त्रीची यावरच दोन दुपारी हुज्जत झाली होती, मी तिथेच लसूण सोलत होते, सगळं ऐकलंय. तुला एकोणीस पट्ट्यांचा हवा होता, कारण शर्यतीच्या गाड्यांना तसलाच असतो आणि समोरून जाळीतून दिसतो. सदा म्हणत होता, तेरा पट्ट्यांचा बस झाला, पण बरोबर थर्मोस्टॅट घे, म्हणजे तेल तापल्याशिवाय कूलरकडे जाणारच नाही. मोठा लावलास तर तेल तापायच्या आधीच गार होईल, घट्ट राहील, इंजिनाच्या कानाकोपऱ्यात पोचणार नाही. हे मला न शिकता कळलं. तवा पुरता तापला नाही तर मांदेली तव्याला चिकटते. तुला मात्र कळायला वेळ लागला, कारण दिसण्यावर तुझं लक्ष. गाडी घेतलीस तीही तशीच. दोन माणसांची, कोणीतरी आधी दहा वर्षं पळवलेली, जमिनीला पोट घासणारी. मला आत बसवलंस तेव्हा बाहेर काढायला दोघं लागले.

कूलर बसवायचा कुठे यावरही तुमचं अडलं होतं, तेव्हा मध्ये मीच बोलले होते. आठवत असेल. पुढच्या डाव्या चाकाजवळ गाडीला वारा आत घ्यायचं जे तोंड आहे तिथे बसवू म्हणाला सदा, तर तू म्हणालास, तिथे वारा पुरेल का? मी म्हटलं, वारा आत शिरतो का हे काय बघता, बाहेर पडतो का ते बघा. बोंबील वाळवायला बांबूच्या वलांडीवर टांगतो तेव्हा मागची बाजू मोकळी ठेवतो. मागे ताडपत्री आली की पुढून कितीही वारा येऊ दे, मासळी कुजते. सदा हसला आणि म्हणाला, काकीला घ्या कामाला. मग त्याने चाकामागचं प्लास्टिक कापून वाऱ्याला वाट करून दिली. माझं ऐकून दोन पुरुषांनी काम केलं, असं आयुष्यात दुसऱ्यांदाच झालं असेल.

सदाच्या बापाची, अंबाजीची गोष्ट तुला माहीत नाही. तुझा बाप तेव्हा सात-आठ वर्षांचा होता. आपल्या बोटीचं इंजिन तापायला लागलं. बोटीचं इंजिन समुद्राचंच पाणी खालून आत घेऊन गार करतात. खांदेरीच्या पुढे गेलं की काटा वर. अंबाजी मिस्त्रीने पंप उघडला, पाइप बदलले, तरी तेच. तुझा आजा धर्मा रागीट. चार माणसांत अंबाजीला म्हणाला, तुला सायकलचं पंक्चर काढायला ठेवायला पाहिजे. मग एक दिवस ओहोटीला बोट कलंडली तेव्हा धर्मा खाली गेला आणि पाणी घ्यायच्या भोकावरून दुधाची प्लास्टिकची पिशवी काढून आणली. इंजिनात काही नव्हतं, तोंडच बंद होतं. मी त्याला म्हटलं, पिशवी टाक चुलीत आणि गप्प बस, कोणाला कळणार आहे? तो पिशवी हातात धरून सगळ्या बंदरातून चालत अंबाजीच्या दारात गेला आणि ती त्याच्यापुढे ठेवून आला. मला तेव्हा तो माणूस येडा वाटला. आठ दिवस त्याच्याशी धड बोलले नव्हते.

आता अक्षय तृतीयेचं. तू आदल्या संध्याकाळी गाडी घेऊन आलास. कूलर बसून चार दिवस झाले होते, अलिबागला जाऊन येऊन पाहिलंस, काटा कसा जागेवर राहतो ते मलाही दाखवलंस. सकाळी मी ताट घेऊन बाहेर आले तर तू आडवा झालास. हळद-कुंकू गाडीला लावायचं नाही, रंगावर डाग पडेल, नारळ पुढे फोडायचा नाही, टवका उडेल, हार घालायचा नाही, तार घासेल. नागावच्या होमस्टेमधले पाहुणे गाडीबरोबर फोटो काढत होते, त्यांच्यादेखत मला म्हणालास, आजी, ही काय होडी आहे का? मी ताट घेऊन आत गेले. तू आंघोळ केलीस, पोहे खाल्लेस आणि रोह्यावरून माणगावला, तिथून ताम्हिणीचा घाट चढायला गेलास, पुढच्या आठवड्यातल्या शर्यतीची तयारी म्हणून. दुपारी गाडी टेंपोच्या पाठीवर चढून परत आली. तेल उकळून पाण्यासारखं पातळ झालं, इंजिनाने बेअरिंग खाल्लं, असं तूच म्हणालास. काटा लाल रेषेच्या वर गेलेला तू पाहिला होतास. नवीन कूलर आहे, काटाच बिघडला असेल म्हणून दाबत राहिलास. हेही तूच म्हणालास, पण हळू.

मोठ्याने म्हणालास ते सदाला. बंदरावर, जाळी शिवत बसलेल्या पंधरा-वीस माणसांत. तुझ्या तेरा पट्ट्यांनी माझं इंजिन खाल्लं, होड्यांच्या बाहेर तुला काही कळत न्हाय, आणि होड्यांचं तरी कळतं का कोणास ठाऊक. ज्याने तुला दहा वर्षांचा असताना पाना धरायला शिकवला त्याला हे बोललास. तो उठला. गाडीखाली गेला, कूलर सोडवला, फडक्यात गुंडाळून घरी घेऊन गेला. लोकांना वाटलं, लाजला.

लोक कसे असतात तुला माहीत नाही असं नाही. आता मासेमारी बंद आहे, बोटी वर ओढल्यात, हे दोन महिने सदाच्या वर्षाच्या कमाईचे. दरवर्षी त्याच्या ताडपत्रीखाली बारा-बारा इंजिनं उघडी पडलेली असायची. या वर्षी दोन आहेत, त्यातलं एक त्याच्या साडूचं. बाकीचे अलिबागहून मिस्त्री आणतात. कोणी त्याच्या तोंडावर काही म्हणत नाही. पोराचं इंजिन गेलं ना त्याच्याकडून, एवढंच म्हणतात. काल दुपारी तो आपल्याकडे आला आणि म्हणाला, सोमवारपासून माणगावला हायवेवरच्या ट्रकच्या गॅरेजात लागतोय, खोलीही बघून ठेवली आहे. तीन पिढ्या इथल्या इंजिनांत हात घातलेलं घर आहे ते. हे तुला कळवावं म्हणून लिहितेय असं समजशील, तर तेवढंच नाही.

होडी आपण बाईमाणूस समजतो. नवी होडी पाण्यात जाताना तिची ओटी भरल्याशिवाय जात नाही. माझ्या हयातीत तरी कोणाची गेलेली नाही. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, सगळं नाळेला बांधतात. नाळ म्हणजे होडीचं नाक, हे तुला सांगावं लागू नये, पण हल्ली सांगावं लागतं. तू मला सगळ्यांदेखत परत फिरवलंस. मला कोणी परत फिरवलेलं मी विसरत नाही. तू आंघोळीला गेलास, पाहुणे समुद्राकडे गेले, तेव्हा मी गाडीजवळ गेले. रंगाला हात लावायचा नव्हता ना, मग नाही लावला. तुझ्या गाडीला नाळ नाही, नाक नाही, नुसतं तोंड आहे. डाव्या चाकाजवळच्या त्या तोंडात हात घातला. आत जाळीसारखं काही लागलं. हिरवा खण दुहेरी करून त्यावर पसरला, कडा चारी बाजूंनी आत खोचल्या म्हणजे वाऱ्याने उडू नये, आणि मधोमध लहानसा नारळ दाबून बसवला. मुठीतले तांदूळ वरून टाकले. दिसत काही नव्हतं. फार बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. मागची बाजू मोकळी ठेवा म्हणून तुम्हा दोघांना शिकवणारी मीच, आणि पुढून खण कोंबणारीही मीच. ती जाळी म्हणजेच कूलर हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तुझी गाडी टेंपोवरून उतरवली तेव्हा आलं. तू फोनवर ओरडत होतास, सदा पाने आणायला गेला होता. मी हात घालून सगळं काढलं. खण कडेला करपला होता, नारळ तडकला होता. पदराखाली घेऊन आत गेले आणि चुलीत घातलं. धर्माला सांगितलं होतं ना चुलीत टाक म्हणून, तसंच. मग बाहेर येऊन तू सदाला बोलत होतास ते ओट्यावर उभी राहून ऐकलं.

दीड महिना झाला. मी जेवले, झोपले, बाजार केला, मला काही झालं नाही. काल सदा निघताना त्याने खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाला, काकी, हे तुमचं हाय. आत तांदळाचे दाणे, हळद लागलेले, तेलाने काळपटलेले. कूलरच्या पट्ट्यांत अडकले होते, टाचणीने काढले, गाडी आली त्याच दिवशी. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी म्हटलं, मेल्या, मग बोलला का न्हाईस? तर म्हणतो, तुम्ही बोलाल म्हटलं. चहा पिऊन, कप विसळून ठेवून गेला. आज सकाळी मी बंदरावर गेले आणि जाळी शिवत बसलेल्यांना हे सगळं सांगितलं, खणाच्या रंगासकट. गोदूबाई आधी हसली, मग मी हसत नाही बघून जाळ्याकडे वळली. माझ्या वाट्याचं झालं. तुझ्या वाट्याचं राहिलंय, कारण ते शब्द माझे नव्हते, तुझे होते, आणि काट्याकडे बघायला डोळेही तुझेच होते. हे पत्र गणराजच्या सुक्या मासळीच्या टेंपोतून पाठवते, उद्या शनिवार, दुपारपर्यंत पोचेल. पुडी आत ठेवली आहे, आठ दाणे आहेत. रविवारी सकाळी सगळे बंदरावर असतात. ती हातात धर, बंदरातून चालत सदाच्या दारात जा आणि त्याच्यापुढे ठेव. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही, धर्मालाही कोणी शिकवलं नव्हतं. कूलर नवा घ्यायचा नाही. तेरा पट्ट्यांचा तोच सदाच्या घरात खिळ्याला टांगलाय, स्वच्छ करून. इंजिन उघडून तो लावायचा की नाही हे सदाच्या मनावर, त्याने नाही म्हटलं तर गाडी राहू दे तशीच पडवीत, कोंबड्यांना सावली होते. आणि लावलाच, तर या वेळी ओटी मी तुझ्यादेखत भरीन, वर बोनेटवर, आणि रंगाबद्दल तू तोंड उघडायचं नाही.

तुझीच, चुकलेली पण बंदरावर जाऊन आलेली,
आजी नीराबाई