आईचं घर नवव्या दिवशी

सेंट जॉन परगणा, बार्बाडोस
रविवार, चर्चमधून आल्यावर

थोरल्या उनाताईस धाकट्या ग्रॅनव्हिलचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? बर्मिंगहॅमची थंडी त्यांनी इतकी वर्षं सोसली, आता डिसेंबरपर्यंत धीर धरा म्हणावं. मी बरा आहे. बस चालवायची सोडून दोन वर्षं झाली तरी जेवताना उजवा पाय ब्रेक दाबतो, एवढंच.

तुझं पत्र पोचलं. आईला शेवटचं पोचवायला आली होतीस, त्यानंतर एकोणीस वर्षांनी येतेयस, तीही चर्चमधल्या बारा मैत्रिणींना घेऊन. बेटावरच्या सगळ्या ऐतिहासिक जागा बघायच्या आहेत आणि वेळापत्रक मी आखायचं. आखलं. फक्त तू जे दोनदा अधोरेखित करून लिहिलंयस, की पहिल्या दिवशी सकाळी आईचं चिंचेखालचं घर आणि बाकीचा इतिहास मागाहून, ते मी जरा सरकवलंय. आईचं घर नवव्या दिवशी, दुपारी, वेळ उरला तर. (तू रागावशील. म्हणूनच आधीचे आठ दिवस असे गच्च भरलेत, की रागवायला सवड मिळू नये. कारण पुढे लिहितो.)

घरी बसून वेळापत्रक आखणाऱ्यांतला मी नव्हे. यादीतल्या अकराच्या अकरा जागा स्वतः पाहून आलो. सोबत एल्मिना गिटन्स होती. (आठवते ना? आपल्या सुताराची मुलगी, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर असायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली.) ती नसती तर मी पहिल्याच दिवशी हरवलो असतो. अठ्ठावीस वर्षं बस चालवली खरी, पण एकाच रस्त्यावर. त्यापलीकडचं बेट मला परदेशासारखंच. दगडातला पांढरा सिंह बघायला निघालो आणि वाट चुकलो. रमच्या दुकानाबाहेर एकजण डॉमिनो खेळत होता, त्याला विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "सरळ जा. बेकरी होती तिथून डावीकडे, मग क्लार्कची गाय बांधायचे तिथून वर." बेकरी वादळात उडाली, गाय तर त्याच्याही आधी गेली. आपल्याकडे पत्ता असाच सांगतात, तक्रार नाही, पण ती बेकरी मी कधी पाहिलेलीच नव्हती. एल्मिना मात्र "हं" म्हणाली आणि चालू लागली, ती थेट सिंहाच्या शेपटीपाशी पोचली. जे उरलेलं नाही ते सगळं त्या बाईच्या डोक्यात जागच्या जागी आहे. मी नुसता बघत राहिलो.

मग उसाच्या मळ्यातला मोठा बंगला. माहिती सांगणारी मुलगी मालकाच्या चांदीच्या चमच्यांचं कौतुक सांगत होती. एल्मिनाने भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "चमचे राहू देत, पोरी. हा दगड करवतीने कापला कुणी, ते सांग."

"ते पुस्तकात नाहीये, मावशी."

"मग लिहून घे. माझ्या पणज्याचा बाप. क्वामिना." मुलीने खरोखर लिहून घेतलं. माझे डोळे भरून आले ताई, सरळ सांगतो. डोळे पुसायला म्हणून जवळच्या खुर्चीवर बसलो. (खुर्चीभोवती दोरी होती. ती मला नंतर दिसली.) दोनशे वर्षांच्या त्या खुर्चीचा एक पाय निखळून माझ्या हातात आला. मुलगी रडकुंडीला आली. एल्मिनाने पिशवीतून छोटी हातोडी काढली, लाकडाची पाचर ठोकली आणि पाय बसवून दिला. खुर्ची आता आधीपेक्षा भक्कम आहे. हातोडी पिशवीत का होती, हे मी विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

बाकी भेटीअंती. मैत्रिणींना नमस्कार सांग.

तुझा,
ग्रॅनव्हिल

ता. क. हातोडीबद्दल. चिंचेखाली आता घर नाही, ताई. फळ्यांचं घर तेवढं आपलं, जमीन कधी आपली नव्हतीच. मालकाने ती विकली आणि मला महिन्याची मुदत दिली. आईनेही घर दोनदा हलवलं होतं, तसंच आम्ही हलवलं. एल्मिनाने फळीफळीवर खडूने आकडे घातले, छप्पर उतरवलं, सगळं लॉरीवर चढवलं आणि तिच्या अंगणाशेजारी पुन्हा जुळवलं. दाराच्या चौकटीवर आपल्या उंचीच्या रेघा तशाच आहेत. तुझी अजून माझ्याहून दोन बोटं वर आहे. तुला न विचारता केलं, म्हणून तुला तोंड कसं दाखवू या भीतीने नववा दिवस.

ता. क. आणखी एक. एल्मिनाला लग्नाचं विचारावं म्हणतो. पण आईच्या घरात कुणाला आणायचं तर आधी थोरलीचा होकार हवा. तू नाही म्हणालीस तर फळ्या पुन्हा उतरवीन.

उना, मी एल्मिना. पत्र टपालात टाकायला माझ्याकडे दिलंय, तेव्हा मी ते वाचलं. घर हलवण्याआधी मी तुला विचारलं होतं आणि तू हो म्हणाली होतीस, हे मी त्याला सांगितलेलं नाही. "पहिल्या दिवशी आईचं घर" वाचल्यापासून घरकोंबडा माणूस अकरा ठिकाणं हिंडला. माझ्याबरोबर हिंडला. अजून थोडं घाबरू दे. पहिल्या दिवशी तू सरळ माझ्याकडे ये, मक्याच्या पिठाचं कू-कू आणि उडते मासे करून ठेवते. जुन्या झाडाच्या बीचं चिंचेचं रोप दाराशी लावलंय. नवव्या दिवशी दुपारी मात्र नक्की वेळ ठेव. पाद्रीबाबांना मी तीच वेळ दिली आहे. ग्रॅनव्हिलला अजून सांगितलेली नाही.